बूट कोडचा रिव्ह्यू: "क्यूएमूवर चालते" एवढ्यावर मर्ज करावं का?

पांदणवाट

नमस्कार मंडळी,

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावची तीन पोरं सुटीत मिळून स्वतःचं छोटंसं ३२-बिट कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहीत आहेत. एक जण वर्ध्याला शिकतो, दोघं अमरावतीला. शाळेला देणगीत आलेले जुने डेस्कटॉप पडून आहेत, त्यांच्यावर आपलं कर्नल उभं करायचं हे त्यांच्या मनात आहे. मी नोकरीत असलाच खालच्या पातळीवरचा कोड पाहतो, म्हणून त्यांनी रिव्ह्यूला माझ्याकडे दिला. गाडी अडली आहे फर्मवेअरची (मशीनमध्येच बसवलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम, जसं बायोस) टेबलं शोधणाऱ्या भागावर.

ज्यांचा या भागाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्नल सुरू होतं तेव्हा त्याला मशीनची काहीच माहिती नसते. कोर किती, इंटरप्ट कंट्रोलर कोणत्या पत्त्यावर, मशीन बंद कसं करायचं, हे सारं एसीपीआय या ठरलेल्या मांडणीतल्या टेबलांत असतं. त्या टेबलांचा पत्ता सांगणारी एक लहानशी रचना असते, आरएसडीपी. जुन्या बायोसच्या मशीनवर ती दोनच जागी असू शकते: ईबीडीए या बायोसनं स्वतःसाठी राखलेल्या मेमरीच्या पहिल्या १ केबीत, नाहीतर हेक्स (सोळाच्या पायाचे आकडे) ई०००० ते एफएफएफएफएफ या १२८ केबीच्या पट्ट्यात. ईबीडीए कुठं आहे ते हेक्स ४०ई या पत्त्यावरच्या दोन बाइट्समध्ये लिहिलेलं असतं, त्याला १६ ने गुणायचं. मग दर १६ बाइट्सवर थांबून आठ अक्षरांची खूण शोधायची, "आरएसडी पीटीआर" आणि शेवटी एक रिकामी जागा.

पोरांचा कोड हे सगळं करतो. क्यूएमूवर, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या नकली मशीनवर, टेबलं सापडतात, छापून येतात. माझे आक्षेप दोन: खुणेची सातच अक्षरं ताडून पाहिली आहेत, शेवटची रिकामी जागा सोडली. आणि चेकसम, म्हणजे रचना खरी आहे का हे पडताळणारी बेरीज, तपासलेलाच नाही.

पोरं म्हणतात, "दादा, चालते ना, मग मर्ज करा, पुढचं काम अडून राहिलं." त्यांचा उत्साह मला मोडायचा नाही. पण असा कोड आत घ्यायलाही मन धजत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं? कोड पाहायचा असेल त्यांनी सांगा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मेळघाटी

वाचतोय. इथं असल्या विषयावर धागा निघाला याचाच आनंद आहे.

तूरदाळ

घेऊन टाका ना भाऊ. पोट्टे गावात बसून कर्नल लिहून राह्यले, हे काय लहान काम हाये का? इकडं भल्याभल्यायले सी मधला पॉइंटर समजत नाई. चेकसम काय, मागून घालता येते. आज पयलं काम घेतलं त उद्या दुसरं करतीन. अडवून ठेवलं त उन्हाळा संपला, कालेज सुरू झालं न सारं बसलं.

सिरीयल_केबल

तूरदाळ भाऊ, पोरांबद्दलची तुमची कळकळ पटते. पण हा भाग नंतर दुरुस्त करण्यातला नाही, आणि त्याचं कारण हाच कोड कुठं चालतो त्यात आहे.

साध्या प्रोग्रॅममध्ये चुकीचा पत्ता वाचला तर ऑपरेटिंग सिस्टीम तो प्रोग्रॅम मारते आणि तुम्हाला कारण कळतं. इथं ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे हाच कोड. चूक झाली तर ती कोणी हाताळायची हे सांगणारं इंटरप्ट टेबल अजून बसवलेलं नाही. पेज फॉल्ट झाला, म्हणजे नसलेल्या पत्त्याला हात लागला, तर त्याला हाताळणारं कोणी नाही, म्हणून डबल फॉल्ट. त्यालाही कोणी नाही, म्हणून ट्रिपल फॉल्ट, आणि प्रोसेसर सरळ रीसेट. समोर काय दिसतं? बायोसचा लोगो, काळा पडदा, परत बायोसचा लोगो. एक अक्षर छापलं जात नाही. शाळेतल्या त्या डेस्कटॉपला मागं, संदेश दुसऱ्या संगणकावर वाचायला, सिरीयल पोर्ट असला तरी केबल आणायला नागपूर-अमरावती गाठावं लागतं.

जिथं चूक झाल्यावर ती शोधता येत नाही, तिथं ती वाचूनच पकडावी लागते. मी तर म्हणेन अख्ख्या कर्नलमध्ये सगळ्यात कडक रिव्ह्यू या शे-दीडशे ओळींचाच व्हावा. पांदणवाट दादा, अडवा. पण अडवताना कारण लिहून द्या, नुसतं "चेकसम घाला" नको.

कोरडवाहू

व्यनि मिळाला, कोड नीट वाचला. दादा, तुमचे दोन्ही आक्षेप बरोबर आहेत, पण त्याहून मोठी गोष्ट वरच आहे.

४०ई वरचे दोन बाइट्स वाचून १६ ने गुणलेलं उत्तर १६-बिट चलातच (व्हेरिएबलमध्ये) ठेवलं आहे. क्यूएमूत तिथं सहसा ९एफसी० असतं. गुणल्यावर यायला हवं ९एफसी००, पण हे २० बिटांचं उत्तर. १६ बिटांत ठेवलं की वरचा ९ गळून पडतो आणि उरतं एफसी००. म्हणजे कोड ६४ केबीच्या खाली भलत्याच जागी शोधतो, तिथं काही सापडत नाही, आणि मुकाट्यानं दुसऱ्या पट्ट्याकडे जातो.

आता क्यूएमूवर का चालतं ते बघा. तिथला सीबायोस नावाचा बायोस आरएसडीपी एफ०००० च्या वरच्या पट्ट्यातच ठेवतो. त्यामुळे ईबीडीएचा शोध पूर्ण चुकला तरी दुसरा शोध सावरून घेतो. ज्या मशीनच्या बायोसनं आरएसडीपी ईबीडीएत ठेवली असेल तिथं हे कर्नल सरळ म्हणेल की एसीपीआय नाहीच. आणि मशीन जुनी असल्यावर ही शक्यता जमेस धरायलाच हवी.

अजून एक. ९एफसी०० पासून १ केबी मोजलं की बरोबर ए०००० येतं, तिथून पुढं व्हीजीएची, म्हणजे पडद्याची, मेमरी. ईबीडीए याहून वर सुरू होत असेल तर १ केबीचा शोध व्हीजीएत शिरतो. एसीपीआयची टेबलं वाचायला लिनक्स ज्या एसीपीआयसीएचा कोड वापरतं त्यात हे दोन्ही आहे: पत्ता ४०० हेक्सच्या वर आणि ए०००० च्या खाली असेल तरच पुढं जायचं, आणि शोधाची खिडकी ए०००० ला कापायची. तेवढंच पोरांनाही पुरे.

तूरदाळ

अरे बापा! म्हंजे अर्धा कोड चालतच नव्हता न कोनाले पत्ता नाई?

कोरडवाहू

हो भाऊ. म्हणूनच "चालते ना" या वाक्यावर माझा विश्वास बसत नाही. काय चाललं आणि काय नुसतं आड आलं नाही, हे वाचल्याशिवाय कळत नाही.

निंबोणी

मूळची दारव्ह्याची, आता पुण्यात. माझं मत जरा वेगळं आहे, रागावू नका.

हा सगळा शोधच काढून टाका. यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) मशीनवर असं मेमरीत धुंडाळायचं नसतंच. फर्मवेअर सिस्टीम टेबल देतं, त्यात कॉन्फिगरेशन टेबल असतं, ठरलेली जीयूआयडी (ओळखक्रमांक) जुळवली की आरएसडीपीचा पत्ता हातात. बायोसच्या मशीनवरही ग्रब हा तयार बूटलोडर (कर्नल चढवणारा प्रोग्रॅम) वापरून मल्टिबूट-२ पद्धतीनं कर्नल चढवलं तर ग्रबच आरएसडीपीची प्रत टॅगमध्ये देतं. १४ नंबरच्या टॅगमध्ये जुनी, १५ मध्ये नवी. जे काम इतरांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून केलं ते पोरांनी परत का करावं? रिव्ह्यू करायचा कोड जितका कमी तितका चांगला.

पांदणवाट

निंबोणी ताई, रागावण्यासारखं काही नाही, उद्या दुसरं कोणी विचारलं तर मीही हेच सांगेन. पण दोन गोष्टी आहेत. शाळेतली मशीनं यूईएफआयच्या आधीची, साध्या बायोसची. आणि पोरांनी बूटलोडरही स्वतःच लिहिला आहे, शिकायचं तेच आहे. ग्रब घेतला तर त्यांना टेबल मिळेल, पण टेबल कुठून आलं हे कळायचं राहून जाईल. एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जुन्या एक्स८६ आवृत्तीतही मल्टिप्रोसेसर टेबल असंच शोधलं आहे: आधी ईबीडीए, मग बेस मेमरीचा शेवटचा केबी, मग एफ०००० चा पट्टा. शिकण्यासाठी याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

कोरडवाहू भाऊ, १६-बिटचं लक्षात आणून दिलंत, फार मोलाचं आहे. तुमचा प्रतिसाद तसाच्या तसा पोरांना पाठवला.

खडू_फळा

मी जि.प. शाळेत शिक्षिका आहे, यवतमाळ जिल्ह्यात. तांत्रिक फारसं कळत नाही, पण धागा ओढून घेतोय. एक विचारू का? आमच्या शाळेतल्या एका जुन्या संगणकावर कोणीतरी काहीतरी नवं टाकून दिलं, तेव्हापासून तो बंद केला तरी पंखा फिरतच राहतो, बटण दाबून धरावं लागतं. त्याचा या टेबलांशी संबंध आहे का?

सिरीयल_केबल

ताई, असू शकतो, अगदी थेट. आता मशीनची वीज सॉफ्टवेअरनं तोडायची असते. त्यासाठी कोणत्या पोर्टवर लिहायचं ते एफएडीटी टेबलात असतं आणि कोणता आकडा लिहायचा तो डीएसडीटीतल्या एस-५ नावाच्या नोंदीत. यातलं काही सापडलं नाही तर ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःपुरतं काम थांबवते, वीज चालूच राहते. एकदा लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करून बंद करून पाहा. तेव्हा नीट बंद झाला तर संगणक चांगला आहे.

पोरांसाठी यातूनच एक: एफएडीटीवर लिहिलेली खूण "एफएसीपी" अशी असते आणि कोर व इंटरप्ट कंट्रोलरची माहिती देणाऱ्या एमएडीटीवर "एपीआयसी". टेबलाच्या नावानं शोधलं तर जन्मात सापडत नाही.

मेळघाटी

थोडं अवांतर. पोरं कोडमधल्या कॉमेंट मराठीत लिहितात का? जीसीसी कंपायलरला काही फरक पडत नाही, यूटीएफ-८ असलं की झालं. कोणत्या पत्त्यावर काय आहे ते मराठीत लिहिलेलं असलं तर गावातल्या पुढच्या पोरांना हाच कोड पुस्तकासारखा वाचता येईल.

तूरदाळ

लय भारी इचार. कमिटचे संदेश वऱ्हाडीत लिहा म्हना. "ईबीडीए बरोबर पाह्यला, आता लागला हाताले."

ओलित

नमस्कार. मी त्या तिघांपैकी एक. दादानं धाग्याचा दुवा दिला, रात्रीच सगळं वाचलं. कॉमेंट मराठीतच आहेत. :)

१६-बिटचं दुरुस्त केलं. आठही अक्षरं ताडून पाहतो आहे. चेकसमबद्दल मात्र शंका आहे. आठ अक्षरं जुळली, १६ च्या पटीतला पत्ताही जुळला, मग चुकीची रचना सापडण्याची शक्यता किती उरते? आणि चेकसम चुकला तर काय करायचं, थांबायचं की पुढं शोधायचं? खऱ्या मशीनच्या बायोसमध्येच चूक असली तर आमचं कर्नल विनाकारण अडून बसेल.

दुसरं, ४०ई वाचताना जीसीसी १२ इशारा देतो की हा पत्ता हद्दीबाहेरचा आहे. आम्ही तो इशारा सगळ्या कोडसाठी बंद केला आहे. दादाला ते आवडलेलं नाही.

कोरडवाहू

ओलित, प्रश्न चांगले आहेत.

सातबाऱ्यावर नाव जुळलं म्हणून कोणी वावर विकत घेत नाही, गट नंबर आणि चतुःसीमाही पाहतो. आठ अक्षरं म्हणजे नाव. बायोसच्या पट्ट्यात त्याच अक्षरांची भलतीच प्रत पडलेली असू शकते: बायोसच्या स्वतःच्या कोडमधला साचा, किंवा अर्धवट भरलेली रचना. चेकसमसाठी पहिल्या २० बाइट्सची बेरीज करायची, शेवटचा बाइट शून्य आला पाहिजे. अशी कुठलीही भलती प्रत योगायोगानं त्यातून सुटण्याची शक्यता २५६ त एक.

चुकला तर थांबायचं नाही, पुढच्या १६ बाइट्सवर जायचं. खरी रचना पुढं असू शकते. एसीपीआयसीएही तसंच करतो.

आणि बेरीज करण्याआधी आवृत्ती पाहा. १९९६ च्या पहिल्या एसीपीआयची रचना २० बाइट्सची, तिथं आवृत्तीचा आकडा शून्य. २००० साली आलेल्या २.० पासून ३६ बाइट्स, ६४-बिट पत्ता, आणि अख्ख्या रचनेचा दुसरा चेकसम. आवृत्ती शून्य असताना विसाव्या बाइटच्या पुढचं वाचलं तर तिथं काय असेल ते देव जाणे. तुमच्या कोडमध्ये एक्सएसडीटीचा (बाकीच्या टेबलांच्या ६४-बिट पत्त्यांची यादी) पत्ता आवृत्ती न पाहताच वाचला आहे. क्यूएमूचा नेहमीचा पीसी आवृत्ती शून्यच देतो.

लिनक्सवर डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) काढून पाहा. आरएसडीपीच्या ओळीत पत्त्यानंतर ००००१४ दिसलं तर २० बाइट्सची, ०००‌०२४ दिसलं तर ३६ ची. आकडे हेक्समधले आहेत. शाळेच्या मशीनवर पेनड्राइव्हनं लिनक्स चढवून तेवढी एक ओळ टिपून आणली तरी कोणत्या मशीनवर काय अपेक्षित आहे ते कळेल.

निंबोणी

चेकसमबद्दल एक भर. आरएसडीपीचा चेकसम आणि बाकीच्या टेबलांचा चेकसम यांना एकच नियम लावू नका. आरएसडीपी आपण शोधत असतो, म्हणून तिथं कडक राहायचं. पुढची टेबलं पत्त्यावरून मिळतात, शोधावी लागत नाहीत. त्यातल्या एखाद्याचा चेकसम चुकला तर एसीपीआयसीए नेहमीच्या मांडणीत फक्त इशारा छापतो आणि टेबल वापरतो, कारण चुकीचे चेकसम देणारी मशीनं खरोखर बाजारात आहेत. ओलितची भीती खोटी नाही, फक्त ती दुसऱ्या पायरीला लागू होते.

आणि इशारा सगळीकडे बंद करू नकोस रे. तो ४०९६ च्या खालच्या पक्क्या पत्त्यांसाठी येतो. तेवढ्या एका वाचनापुरता मार्ग काढ. सगळीकडे बंद केलास तर खराखुरा हद्दीबाहेरचा पॉइंटर आला तरी कंपायलर गप्प बसेल, आणि तुझ्याजवळ सांगणारं दुसरं कोणी नाही.

कोरडवाहू

निंबोणी ताईंना +१.

लांबीचं राहिलं होतं. आरएसडीटीत, म्हणजे बाकीच्या टेबलांच्या पत्त्यांच्या यादीत, नोंदी किती ते काढताना टेबलाच्या लांबीतून हेडरचे ३६ वजा करून ४ ने भागलं आहे. गणित बरोबर. पण लांबी ३६ हून कमी आली तर? चल अनसाइन्ड आहे, त्यात उणे आकडा बसत नाही. लांबी शून्य असेल तर वजाबाकीचं उत्तर उणे येत नाही, ४२९ कोटींच्या घरात जातं, आणि भागल्यावर १०७ कोटींहून जास्त नोंदी. कर्नल त्या वाचत सुटेल. वजाबाकीच्या आधी एक ओळ: लांबी ३६ हून कमी असेल तर टेबल नाकारा. वरचीही काहीतरी मर्यादा ठेवा.

सिरीयल_केबल

आता खरी परीक्षा. ओलित, पेजिंग (मेमरी पानापानानं पत्त्यांना जोडणं, म्हणजेच मॅप करणं) चालू केल्यावर किती मेमरी मॅप केली आहे? मला कोडमध्ये पहिला १ जीबी दिसतो.

क्यूएमूला काही सांगितलं नाही तर तो १२८ एमबी देतो आणि टेबलं त्या १२८ एमबीच्या शेवटाला ठेवतो. तुमच्या १ जीबीत ती आरामात बसतात. मेमरी ३ जीबी देऊन चालव. सोबत नो-रीबूटचा पर्याय लाव, म्हणजे रीसेट झाल्यावर तिथंच थांबेल.

ओलित

चालवलं. "आरएसडीपी सापडली" हे छापलं आणि तिथंच संपलं. आरएसडीटीचा पत्ता ३ जीबीच्या जरा खालचा आहे, तो मॅप नाही. शाळेतल्या एका मशीनमध्ये ४ जीबी रॅम आहे, तिथं हेच झालं असतं.

सिरीयल_केबल

तिथं तुला "सापडली" हे तरी वाचता आलं असतं का, सांगता येत नाही, इतक्या वेगानं पडदा पुसला जातो.

दुरुस्ती: आधी फक्त ३६ बाइट्सचं हेडर मॅप कर, लांबी वाच, तपास, मग अख्खं टेबल मॅप कर. हेडर ४०९६ च्या सीमेवर अर्धं-अर्धं पडू शकतं, म्हणून पान मोजताना सुरुवात आणि शेवट दोन्ही धर. लिनक्समध्येही सुरुवातीला अशीच तात्पुरती मॅपिंग घेऊन लगेच सोडतात.

खडू_फळा

सिरीयल_केबल दादा, पेनड्राइव्हवरून करून पाहिलं. लिनक्समधून संगणक नीट बंद झाला, पंखाही थांबला. म्हणजे संगणक फेकायची गरज नाही. मनापासून धन्यवाद. आणि ओलित, तुमचं कर्नल चालायला लागलं की आमच्या शाळेतही दाखवायला या. आठवीची मुलं विचारून विचारून तुम्हाला भंडावतील.

पांदणवाट

मूळ प्रश्नावर येतो. पॅच (पोरांनी दिलेला कोडचा बदल) मी अडवला आहे, आणि पोरांना कारणं लिहून दिली आहेत. मर्ज होण्याआधी पाहिजे ते एवढंच: ईबीडीएचा पत्ता ३२-बिट चलात आणि शोध ए०००० च्या आत, आरएसडीपीचा चेकसम आवृत्तीप्रमाणे, लांबीची तपासणी, आणि हेडर आधी, टेबल नंतर अशी मॅपिंग. इशाऱ्याचं काम वेगळ्या पॅचमध्ये आलं तरी चालेल, मराठी कॉमेंट नीटनेटक्या करायचं कामही. ते अडवण्यासारखं नाही.

तूरदाळ भाऊ, पुढचं काम थांबू नये ही तुमची गोष्ट मी घेतली. एमएडीटी वाचणारा भाग वेगळ्या शाखेत सुरू करायला सांगितलं आहे. टेबलाचा पत्ता तात्पुरता हातानं द्यायचा, शोध तयार झाला की जोडायचा.

तूरदाळ

हे बरं केलं दादा. मी आधी उगाच घाई लावली असं नाई म्हनत, पन कोरडवाहू भाऊनं ते नऊचं सांगतलं न मले पटलं. ओलित, काय लागलं त सांगजो. पुलगावले माह्याजवळ जुना पेंटियम-४ चा डब्बा हाये, बायोसवाला, चालू हाये. तपासाले घेऊन जाय.

ओलित

तूरदाळ काका, रविवारी येतो. त्या मशीनवर आधी डीमेसेज काढतो, मग आमचं कर्नल. सुधारलेला पॅच रात्री लाइन आली की टाकतो, सध्या इन्व्हर्टरवर आहे. कोरडवाहू दादा, ४०ई वाचून झाल्यावर शून्याचं पान अनमॅप केलं तर चालेल ना? चुकून शून्य पत्ता वापरणारे नल पॉइंटर पकडता येतील.

कोरडवाहू

चालेल, कर. फक्त ४०ई चं मूल्य आधी चलात उतरवून ठेव, आणि त्यानंतर त्या पानाला हात लावणारं दुसरं काही कोडमध्ये नाही ना, ते शोधून बघ.